तुमचे प्रश्न : छपरावरची जाळी

हिमबिबट्यावरच्या मागच्या लेखाला एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. कौतुकाची बाजूला ठेवली आहेत, सावकाश वाचेन. प्रश्न विचारणाऱ्यांचा आणि चूक काढणाऱ्यांचा मान आधी.

प्रश्न : लेखासोबत दोन छायाचित्रं होती. एकाखाली 'नर' आणि दुसऱ्याखाली 'दुसरा, वयाने लहान नर' असं छापलं आहे. मी दोन्ही भिंगाखाली धरून पाहिली. मला तरी ते एकच जनावर वाटतं. शेपटीच्या बुडापासून मोजत गेल्यास चौथा आणि पाचवा ठिपका दोन्ही चित्रांत एकमेकांना चिकटलेला आहे. (निवृत्त चित्रकला शिक्षक)

गुरुजी, चूक माझी. तुमचं पत्र आल्यावर मूळ फोटो काढून बसले आणि दहा मिनिटांत कान धरले. पहिला फोटो जानेवारीतला, अंगावर दाट लव, ठिपके धुरकट. दुसरा जुलैतला, केस झडलेले, कमरेची हाडं दिसतायत, म्हणून मला तो 'लहान' वाटला. जनावर तेच.

माझ्या समाधानापुरतं सांगते, की या चुकीत मी एकटी नाही. हिमबिबटे मोजायचे म्हणजे खिंडीत, कड्याच्या पायथ्याशी, त्यांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर कॅमेरा ट्रॅप, म्हणजे समोर काही हललं की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे, लावायचे आणि फोटोंतल्या ठिपक्यांवरून कोण कोण आहे ते ओळखायचं. प्रत्येकाची नक्षी वेगळी असते, आपल्या बोटांच्या ठशांसारखी. ऐकायला सोपं आहे. २०२० साली काही संशोधकांनी प्राणिसंग्रहालयांतल्या सोळा हिमबिबट्यांचे फोटो आठ जणांपुढे ठेवले आणि ओळखा म्हणाले. कोणता फोटो कुणाचा हे आधीच माहीत असल्यानं परीक्षा तपासणं सोपं होतं. निकाल असा, की लोक एकाच बिबट्याला दोन समजण्याची चूक जास्त करतात आणि त्यामुळे संख्येचा अंदाज सरासरी एक तृतीयांशानं फुगतो. म्हणजे माझ्यासारख्यांच्या डोळ्यांनी कागदावर हिमबिबटे वाढतात.

भारताचा पहिला पद्धतशीर अंदाज २०१९ ते २०२३ या काळातल्या कामातून आला आणि जानेवारी २०२४ मध्ये जाहीर झाला : ७१८. त्यातले ४७७ लडाखमध्ये, १२४ उत्तराखंडात, ५१ हिमाचलात, ३६ अरुणाचलात, २१ सिक्कीममध्ये आणि ९ जम्मू-काश्मीरमध्ये. एकूण १,९७१ ठिकाणी कॅमेरे लावले होते आणि फोटोंत वेगवेगळे ओळखू आले ते २४१. बाकीचा आकडा संख्याशास्त्रानं काढलेला आहे. त्यात लबाडी नाही, पण वर्तमानपत्रं '७१८ हिमबिबटे सापडले' असं छापतात तेव्हा मला हसू येतं.

एक कॅमेरा लावताना काय होतं तेही सांगते. गुडघाभर उंचीवर, दगडांच्या बेचक्यात तो बसवायचा. हातमोजे घालून पट्टा आवळता येत नाही आणि काढले तर दोन मिनिटांत बोटं आपली राहत नाहीत. समोर रांगत जाऊन आपलाच फोटो निघतो का ते बघायचं. दीड महिन्यानं कार्ड काढलं की हजारभर फोटो हाती लागतात. त्यात वाऱ्यानं हलणारी काडी, याकची पाठ, मॅगपाय पक्षी, पुन्हा याकची पाठ, आणि कधी तरी पहाटे चारला एक शेपूट, अर्धीच.

प्रश्न : २०१७ मध्ये हिमबिबट्या 'संकटग्रस्त' यादीतून 'असुरक्षित' यादीत आला, म्हणजे त्याची परिस्थिती सुधारली. मग तुमचा सूर इतका काळजीचा का?

कुठला प्राणी किती धोक्यात आहे याची जागतिक यादी आययूसीएन ही संघटना ठेवते. १९७२ पासून तो तिच्या लेखी संकटग्रस्त होता. त्या यादीत राहायचं तर प्रजननक्षम प्राणी अडीच हजारांहून कमी असावे लागतात, शिवाय त्यांची घट ठरावीक वेगानं चालू असावी लागते. २०१७ च्या तपासणीत त्यांची संख्या २,७१० ते ३,३८६ च्या दरम्यान धरली गेली आणि तो एक पायरी खाली आला. काही अभ्यासकांनी तेव्हाच हरकत घेतली, कारण त्याच्या एकूण मुलखापैकी दोन टक्क्यांहूनही कमी भागात नीट मोजणी झाली होती. बारा देशांत पसरलेल्या प्राण्याबद्दल एवढ्या तुकड्यावरून बोलायचं! आकडा सुधारण्याचं एक कारण तो शोधायची साधनं सुधारली हेही आहे. माझा सूर त्यामुळे तोच आहे.

प्रश्न : इतक्या उंचीवर, माणसांपासून दूर राहणाऱ्या प्राण्याला मारतं कोण? कातडीच्या तस्करांच्या टोळ्या का?

टोळ्याही आहेत. पण मी पाहिलेली गोष्ट आधी.

लडाखमधलं एक गाव, नाव मुद्दाम लिहीत नाही. मार्च महिना. सकाळी उजाडायच्या आत घरमालक दार वाजवायला लागले. आम्ही त्यांना आचो-ले म्हणायचो, म्हणजे दादा. ते एवढंच म्हणाले, "शान आ गया." शान म्हणजे हिमबिबट्या.

शेळ्या-मेंढ्यांचा वाडा घराला लागूनच होता. मातीत रचलेल्या दगडांच्या भिंती, माझ्या खांद्याला लागतील एवढ्या. वर पॉपलरच्या वाशांवर काटक्या आणि माती पसरलेली, आणि मधोमध धूर-वारा जायला हातभर भोक. तो त्या भोकातून आत उतरला होता. बावीस शेळ्या-मेंढ्यांतल्या सतरा मेल्या होत्या. मला रक्ताचा सडा दिसेल असं वाटलं होतं, तो नव्हता. प्रत्येकीच्या गळ्याशी चार भोकं आणि लोकर जराशी चिकट. एका मेंढीच्या पोटाखाली कोकरू जिवंत होतं, ओरडतही नव्हतं. आणि पलीकडच्या कोपऱ्यात तो बसला होता, पोट टम्म फुगलेलं, शेपूट पायाभोवती गुंडाळलेली, डोळे फिकट हिरवे. पळायचा प्रयत्न नाही, गुरगुर नाही. अंगणात गाव जमला होता. कुणाच्या हातात काठी, कुणाच्या हातात दगड.

लोक विचारतात, खातो एक आणि मारतो सतरा, हा कसला प्राणी? उघड्या डोंगरात भरलांच्या, म्हणजे तिथल्या रानमेंढ्यांच्या, कळपावर झेप घेतली की एक हाती लागतं आणि बाकीचे कड्यावरून पसार होतात. तिथे झडप आपोआप थांबते. वाड्यात कोणी पसारच होत नाही. शेळ्या भिंतीला धडका मारत त्याच्या पुढ्यात येत राहतात आणि तो मारत राहतो.

त्या सतरा शेळ्या-मेंढ्या म्हणजे आचो-लेंच्या मुलीची जम्मूच्या कॉलेजची दोन वर्षं होती. मी तिथे पगारी माणूस, माझं एक करडूही त्या वाड्यात नव्हतं. कायदा मला पाठ होता. वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टातला, सर्वाधिक संरक्षण असलेला प्राणी, शिक्षा किती, सगळं. मी तोंड उघडलं नाही. दोन तास वाद झाला. शेवटी गावातल्या म्हाताऱ्या आबी-लेंनी, म्हणजे आजींनी, सगळ्यांना बाजूला केलं आणि वाड्याचं दार उघडायला लावलं. तो निघाला तेव्हा एक दगड त्याच्या मागच्या पायावर बसलाच. कुणी मारला ते मला माहीत आहे आणि मला त्याचा राग आला नाही.

आता आकडे. वन्यजीवांच्या व्यापारावर नजर ठेवणाऱ्या 'ट्रॅफिक' या संस्थेनं २०१६ मध्ये अंदाज मांडला होता : २००८ पासून दरवर्षी २२१ ते ४५० हिमबिबटे मारले जात आहेत. त्यातले निम्म्याहून जास्त, सुमारे ५५ टक्के, जनावरं मारल्याच्या रागातून. थेट व्यापारासाठी मारलेले सुमारे २१ टक्के. आणखी १८ टक्के दुसऱ्याच जनावरासाठी लावलेल्या फाशांत वगैरे अडकून मेलेले. रागातून मारलेल्याचीही कातडी पुढे विकली जाऊ शकते, म्हणून या खान्यांच्या भिंती फार पक्क्या नाहीत. पण सुरुवात कुठे होते ते दिसतं.

त्या गावात पुढच्या शरद ऋतूत आम्ही बारा वाड्यांना जाळी बसवली. यात विज्ञान काही नाही. भोकावर आणि छपराच्या उघड्या भागावर जाड तारेची जाळी, खाली नवे वासे, आणि फटी नसलेलं, बाहेरून न ढकललं जाणारं दार. आपल्याकडे धनगर वाड्याभोवती जाळी लावतात तिला वाघूर म्हणतात. तो शब्द मी आचो-लेंना सांगितला, त्यातल्या 'वाघा'सकट. त्यांना भारी आवडला. दिवसभर 'वागुर, वागुर' करत खिळे ठोकत होते. त्या हिवाळ्यात एकदा सकाळी छपरावरच्या ताज्या बर्फात ठसे सापडले. वर चढलेले, भोकाभोवती तीनदा फिरलेले, मग उतरलेले. जाळीच्या एका तारेला राखी केसांचा पुंजका अडकला होता. आत सगळ्या शेळ्या शाबूत.

जाळीनं सगळं भागत नाही. कुरणात मोकळे सोडलेले याक, घोडे, त्यांची पिल्लं, यांना कुठलं छप्पर घालणार? सरकारी भरपाई असते, पण पंचनाम्याला माणूस येईपर्यंत गिधाडांनी पुरावा संपवलेला असतो. म्हणून मला हिमाचलमधल्या स्पितीतल्या किब्बर गावाची रीत जास्त पटते. साधारण ४,२०० मीटर उंचीवरचं हे गाव. तिथे २००२ पासून गुरांचा विमा गावच चालवतं. नेचर कॉन्झर्वेशन फाउंडेशन या संस्थेच्या चारुदत्त मिश्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो गावकऱ्यांबरोबर उभा केला. हप्ता मालक भरतो, दावा खरा की खोटा ते गावची समिती ठरवते. शेजाऱ्याचा याक कड्यावरून पडून मेला की शाननं मारला, हे शेजाऱ्यापासून लपत नाही. त्याआधी, १९९८ च्या सुमारास, याच गावानं सुमारे पाचशे हेक्टर कुरण गुरांना बंद करून भरलांसाठी सोडलं होतं. पुढच्या वर्षांत तिथे भरल वाढले. हिमबिबट्याला आठ-दहा दिवसांत एक मोठं भक्ष्य लागतं. ते डोंगरात मिळत असेल तर वाड्याकडे येण्याची गरज कमी पडते, संपते असं मात्र कुणी समजू नये. भरल वाढले की हिमबिबटेही वाढतात आणि त्यातला एखादा वाट वाकडी करतोच.

प्रश्न : माणसांची एवढी अडचण असेल तर गावं हलवून मोठी अभयारण्यं का करत नाहीत?

मंगोलियातल्या तोस्त पर्वतात २००८ पासून हिमबिबट्यांना ठावठिकाणा कळवणारे गळपट्टे लावून त्यांचा माग काढला गेला. एका नराला सरासरी दोनशे चौरस किलोमीटरच्या आसपास मुलूख लागतो असं निघालं. मग त्या संशोधकांनी बारा देशांतल्या संरक्षित क्षेत्रांचे आकार तपासले, तर चाळीस टक्के क्षेत्रं एका नराच्या मुलखापेक्षाही लहान! केवढं कुंपण घालणार? हा प्राणी अभयारण्याच्या पाटीपाशी थांबत नाही. तो मेंढपाळांच्याच डोंगरात राहतो आणि राहील. आणि गावं हलवली तर सकाळी सहाला दार वाजवून मला उठवायला कोण येणार?

प्रश्न : माझ्याकडे आजीची पश्मिन्याची शाल आहे. पश्मिन्यामुळे हिमबिबट्या संपतोय असं वाचलं. शाल वापरू की नको?

आजीची शाल खुशाल पांघरा. ती बकरी कधीच गेली.

प्रश्न नव्या मागणीचा आहे. पश्मिना म्हणजे बकरीच्या अंगाची आतली मऊ लव. जगात तिची मागणी वाढली तशी मंगोलियापासून तिबेट आणि लडाखच्या चांगथांगपर्यंत बकऱ्या वाढल्या. उंचावरचं गवत मुळात विरळ, ते बकरी खाणार की भरल आणि अर्गाली ही मोठी रानमेंढी? भक्ष्य घटलं की हिमबिबट्या बकरीकडे वळतो आणि आपण पुन्हा वाड्यात येऊन पोचतो. पण पश्मिन्यावर बहिष्कार टाका असं मी म्हणणार नाही, कारण चांगथांगच्या चांगपा या भटक्या मेंढपाळ कुटुंबांना दुसरं उत्पन्न जवळपास नाही.

मंगोलियात याच लोकरीची गाठ उलट्या बाजूनं बांधली गेली. १९९८ मध्ये बायारजार्गल अग्वान्तसेरेन या बाईंनी तिथे मेंढपाळ बायकांच्या लोकरी वस्तूंचा उद्योग सुरू करायला हातभार लावला. वस्तू चांगल्या भावानं विकत घ्यायच्या, आणि वर्षभर हिमबिबट्याची वा त्याच्या भक्ष्याची शिकार झाली नाही तर वर बोनस. मेख अशी, की एकानं जरी शिकार केली तरी सगळ्यांचा बोनस जातो. मग सासूबाईच जावयावर लक्ष ठेवतात. याच बाईंनी पुढे तोस्तमधल्या खाणींविरुद्ध मोहीम चालवली, २०१६ मध्ये तोस्त राखीव क्षेत्र झालं आणि तिथले खाणींचे ३७ परवाने रद्द झाले. २०१९ मध्ये त्यांना पर्यावरणासाठीचा गोल्डमन पुरस्कार मिळाला. खाण हा शब्द या सदरात एरवी फारसा येत नाही, पण लोकर आणि खाण या दोन्हीत एकाच बाईनं हात घातला म्हणून लिहिलं.

प्रश्न : येत्या फेब्रुवारीत आम्ही काही मित्र हिमबिबट्या पाहायला लडाखला किंवा स्पितीला जायचं म्हणतोय. जावं का?

जा. गावातल्या घरातच उतरा, वाटाड्या त्याच गावचा घ्या. हेमिस राष्ट्रीय उद्यानातल्या गावांत आणि किब्बरमध्ये असं राहता येतं. ज्या घराचं हिवाळ्यातलं उत्पन्न हिमबिबट्यावर चालतं त्या घराला मेलेली शेळी थोडी कमी टोचते. दुर्बिणीतून एक किलोमीटरवरचा राखी ठिपका दिसला तर नशीब समजा आणि आणखी जवळ न्या म्हणून वाटाड्याच्या मागे लागू नका. मी एका गटाला एका मादीच्या मागे खिंडीपर्यंत चढताना पाहिलं आहे. तिनं अर्धवट खाल्लेला आयबेक्स, म्हणजे रानबोकड, टाकून दिला. तिचा आठवडा बुडाला आणि यांना तिच्या पाठीचा फोटो मिळाला.

आणि उरलेलं अन्न बाहेर फेकू नका, कुत्र्यांसाठी तर मुळीच नको. लडाख आणि स्पितीत मोकाट कुत्री फार वाढली आहेत. छावण्या, ढाबे, हॉटेलं यांच्या उकिरड्यांवर ती उन्हाळा काढतात, पर्यटक गेले की उपाशी टोळ्या डोंगरात शिरतात. गाभण मेंढ्या फाडतात, भरलांची पिल्लं पळवतात, आणि हिमबिबट्याला त्याच्या स्वतःच्या शिकारीवरून हुसकावतात. सात कुत्री भुंकत चढत आहेत आणि तो शिकार सोडून कड्यावर जातो आहे, हे मी पाहिलंय. पन्नास किलोंच्या आतलं एकटं जनावर, जखमी होणं त्याला परवडत नाही. गावकरी त्या वेळी भरपाई मागतात ती हिमबिबट्याच्या नावानं, कारण कुत्र्याच्या नावानं देणारा कोणी नाही.

प्रश्न : बर्फच वितळला तर हा 'हिम'बिबट्या राहणार कुठे?

नावानं फसू नका, खोल बर्फ त्यालाही नकोसाच असतो. त्याला हवेत कडे, उघडा डोंगर आणि गवत खाणारं भक्ष्य. तापमान वाढलं की झाडांची रेषा वर सरकते आणि तो उघडा डोंगर खालून आखडत जातो. झाडीबरोबर साधा बिबट्याही वर येतो. हिमालयात काही ठिकाणी एकाच कॅमेऱ्यासमोरून दोघंही गेलेले आहेत. त्या दोघांचं पुढे कसं जमेल हे बघायला मी असेन असं वाटत नाही.

प्रश्न : हिमबिबट्या डरकाळी फोडतो का? आणि तो स्वतःची शेपूट तोंडात का धरतो? (इयत्ता सातवी)

बाळा, डरकाळी नाही. वाघ-सिंहांसारखी त्याच्या घशातल्या स्वरपट्ट्यांची घडण नाही. तो नाकातून फुर्रकन हवा सोडतो, फिस्कारतो, गुरगुरतो. शेपूट जवळजवळ एक मीटर लांब असते. कड्यावरून उडी मारताना तोल सांभाळायला, आणि झोपताना नाकातोंडावर घ्यायला, आजीच्या शालीसारखी. तोंडात धरतो ते प्राणिसंग्रहालयातल्या फोटोंत मीही पाहिलंय, पिल्लं तर हमखास धरतात. डोंगरात मात्र मला कधी दिसलं नाही.

आवाज ऐकला आहे. फेब्रुवारीत, त्यांच्या जोड्या जमायच्या दिवसांत, अंधार पडताना समोरच्या कड्यावरून एक लांबलचक, घसा बसलेल्या मांजरासारखी हाक आली. थोड्या वेळानं पुन्हा. मी वही शोधायला लागले. आबी-ले चुलीपाशी बसल्या होत्या, त्यांनी मान वर न करता विचारलं, वाड्याचं दार लावलं का?